उमेदवाराचा निवाडा

१९६१ सालच्या डिसेंबर महिन्यात, अवघ्या एका आठवड्याच्या अंतराने, दोन घटना घडल्या. १२ डिसेंबरला शिकाऊ उमेदवारांविषयीच्या कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. आणि १९ डिसेंबरला गोमंतक मुक्त झाला. दुसऱ्या घटनेचा जयघोष देशभर झाला. पहिलीची वार्ता सरकारी राजपत्राबाहेर फारशी कोणाच्या कानी गेली नसेल. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असेल असे तेव्हा कोणाच्या मनात येण्याचे कारणही नव्हते. परंतु डिचोलीच्या खाणीवर यंत्राला वंगण घालीत काम शिकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने, किंवा पेडण्याहून पोटासाठी मुंबईच्या कारखान्यात जाऊन राहिलेल्या मुलाच्या दृष्टीने पाहिले, तर या दोन तारखा एकमेकींच्या अगदी शेजारी येऊन बसतात. एका तारखेने त्या मुलास भारतीय कायद्याचे छत्र मिळण्याचा मार्ग मोकळा केला. दुसरीने त्याच छत्राची एक काडी आधीच काढून ठेवली होती.

ती काडी कोणती, हे समजण्यासाठी एका साध्या प्रश्नापासून आरंभ केला पाहिजे. काम करता करता जो शिकतो, तो विद्यार्थी की कामगार? तो विद्यार्थी असेल, तर त्याने मोबदला मागू नये, गुरूने दिलेल्यात समाधान मानावे. तो कामगार असेल, तर त्याचे वेतन, त्याचे तास, त्याची रजा या गोष्टी मालकाच्या मर्जीवर न ठेवता त्रयस्थ न्यायासनाने ठरवाव्यात. औद्योगिक न्यायाधिकरण जो निर्णय देते त्यास निवाडा म्हणतात. त्या निवाड्याच्या चौकटीत शिकाऊ मुलगा बसतो की नाही, या प्रश्नाचा इतिहास हा वरवर पाहता कलमांचा आणि पोटकलमांचा रुक्ष इतिहास आहे. पण त्याच्या मुळाशी अनेक घरांतील चूल आहे.

मराठी भाषेने या मुलास जे नाव दिले तेच मोठे बोलके आहे. आपण त्यास उमेदवार म्हणतो. उमेद म्हणजे आशा. फारसीतून आलेला हा शब्द आज निवडणुकीस उभ्या राहणाऱ्याला लावतात. पण पूर्वी ‘अमुक कचेरीत उमेदवारी करतो’ असे म्हटले की त्याचा अर्थ, आज काही मिळत नाही, उद्या मिळेल या आशेवर राबतो, असाच होत असे. आशा हे ज्याचे वेतन, तो उमेदवार. शब्दाने परिस्थिती इतकी नेमकी पकडली आहे की कायद्यासही पुढे ‘शिकाऊ उमेदवार’ याच नावाचा आश्रय घ्यावा लागला.

जुन्या काळी या आशेला एक आधार होता. डिचोली हे तांब्या-पितळेच्या कामासाठी आणि मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेले गाव. समई ओतणाऱ्याच्या हाताखाली किंवा कुंभाराच्या चाकाशेजारी मुलगा बसला, तर तो बहुधा घरचा किंवा नात्यातला असे. त्यास रोज मिळत नसे, पण जेवण मिळे. आणि मुख्य म्हणजे शिकवणारा व शिकणारा एकाच पंचक्रोशीत नांदत असत. वर्षानुवर्षे राबवून घेऊन विद्या दिली नाही, तर त्या कारागिराचे नाव गावात खाली जाई. लेखी करार नव्हता, पण लोकलाज होती. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. जातीबाहेरच्या मुलास त्या चाकाजवळ जागा नव्हती, आणि ज्या मुलाचा धनी कठोर निघाला त्याची दाद घेणारे कोणी नव्हते. तथापि शिकण्याचा शेवट कोठे होतो आणि कमावण्याचा आरंभ कोठे होतो, हे त्या व्यवस्थेत सर्वांना ठाऊक असे.

युरोपातही याच प्रश्नाने लोकांना छळले. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने सात वर्षांची उमेदवारी पुरी केल्याखेरीज कसबी धंदा करण्यास बंदी घातली. अडीचशे वर्षांनी, १८१४ साली, यंत्रयुगाच्या रेट्यात ती कलमे रद्द झाली. कारखानदारांना मुले हवी होती, पण सात वर्षे शिकविण्याचे बंधन नको होते. हिंदुस्थानात कंपनी सरकारने १८५० साली शिकाऊ उमेदवारांचा पहिला कायदा केला, तो निराळ्या हेतूने. अनाथ आणि गरीब मुलांनी धंदा शिकून आपले पोट भरावे, हा त्याचा उद्देश होता. दहा वर्षांवरील मुलास बापाने अथवा पालकाने जास्तीत जास्त सात वर्षांच्या कराराने धन्याकडे बांधून द्यावे, अशी त्यात तरतूद होती. १८५७ मध्ये मुंबईत निघालेली डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा याच विचाराच्या वातावरणात जन्मली. या कायद्याने उमेदवाराकडे दयेच्या दृष्टीने पाहिले. तो राबणारा आहे, त्याच्या राबण्यास बाजारात काही मोल आहे, ही कल्पना त्या कायद्यात नव्हती.

ती कल्पना कारखान्यांनी आणली. मुंबईच्या गिरण्यांत आणि रेल्वेच्या परळ येथील कारखान्यात मुलगा धन्याच्या घरी राहत नव्हता. तो चाळीत राहत होता, खानावळीत पैसे मोजून जेवत होता आणि भोंग्याला हजर होत होता. त्याच्या हातून निघालेला माल बाजारात जात होता. दयेच्या भाषेत या नात्याचे वर्णन करता येईना. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. युद्धकाळात कुशल कामगारांची वाण पडल्यामुळे तांत्रिक शिक्षणाच्या योजनांस याच सुमारास वेग आला. १९४६ मध्ये स्थायी आदेशांचा कायदा झाला. त्याखालील नमुना आदेशांत कामगारांचे वर्ग पाडण्यात आले: कायम, परिवीक्षाधीन, बदली, तात्पुरते, नैमित्तिक, आणि शेवटी शिकाऊ. शिकण्याच्या काळात ज्यास भत्ता मिळतो तो शिकाऊ, अशी त्याची व्याख्या झाली. यादीत तो अगदी शेवटी होता. पण यादी कामगारांची होती, हे महत्त्वाचे.

पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९४७ पासून, औद्योगिक तंट्यांचा कायदा अमलात आला. त्यातील कामगाराच्या व्याख्येत कंसात दोन-तीन शब्द घातलेले होते: शिकाऊ उमेदवार धरून. एवढ्याशा शब्दांनी केवढे काम केले! उमेदवाराचा तंटा हा औद्योगिक तंटा ठरला. त्याच्यासाठी संघटना भांडू शकली. न्यायाधिकरणाचा निवाडा जेव्हा एखाद्या कारखान्यास लागू होई, तेव्हा त्या निवाड्याच्या लाभातून उमेदवारास केवळ ‘हा शिकतो आहे’ एवढ्या कारणावरून वगळणे मालकास सोपे राहिले नाही. १९४८ च्या किमान वेतनाच्या कायद्यानेही प्रौढ, किशोर, बालक आणि शिकाऊ यांच्यासाठी निरनिराळे दर ठरविण्याची मुभा दिली. दर कमी असेल, पण दर असेल, हे त्यामागचे तत्त्व होते.

हे तत्त्व काही भारतानेच शोधलेले नव्हे. ऑस्ट्रेलियात १९०४ च्या कायद्याने समेट व लवाद यांचे न्यायालय स्थापन झाले आणि १९०७ मध्ये न्यायमूर्ती हिगिन्स यांनी अकुशल कामगाराला सुसंस्कृत समाजात माणूस म्हणून जगता येईल इतके वेतन मिळाले पाहिजे, असा प्रसिद्ध निर्णय दिला. त्या देशातील निवाड्यांनी पुढे उमेदवारांचाही हिशेब मांडला. पहिल्या वर्षी कुशल कामगाराच्या वेतनाचा अमुक हिस्सा, दुसऱ्या वर्षी तमुक, आणि इतक्या कारागिरांमागे इतकेच उमेदवार, असे त्यात ठरवून दिलेले असे. या दुसऱ्या अटीत मोठे शहाणपण होते. उमेदवार स्वस्त असतो. संख्येवर मर्यादा नसेल, तर उमेदवारांनीच कारखाना चालविण्याचा मोह मालकास होतो, आणि मग शिकणाऱ्यास शिकवील असा जाणता कारागीरच तेथे उरत नाही.

मुंबईत ही घडामोड होत असता गोमंतकात काय होते? पेडणे आणि डिचोली हे दोन्ही महाल नव्या काबिजादींतले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगीज अमलाखाली गेले. पेडण्याचा भर शेती-बागायतीवर आणि किनाऱ्यावर. डिचोलीच्या डोंगरांत लोहखनिज होते. १९०६ च्या पोर्तुगीज हुकुमानुसार खाणींच्या सनदा दिल्या जात. पण खरा उठाव झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. जपानला पोलादासाठी खनिज हवे होते. डिचोली महालातील शिरगाव, पाळे, मये या गावांच्या परिसरात खणकाम वाढले. टोपल्यांनी माती वाहण्याच्या जागी यंत्रे आली. खनिज मालमोटारींतून नदीकाठी आणि तेथून बार्जींतून मांडवीवाटे मुरगावच्या बंदरात जाऊ लागले. मुक्तीच्या सुमारास वर्षाची निर्यात साठ लाख टनांच्या पुढे गेली होती.

यंत्र आले की यंत्र शिकणारा मुलगा येतो. मोटारीवर ड्रायव्हरशेजारी क्लीनर बसतो, दुरुस्तीच्या शेडमध्ये मेस्त्रीच्या हाती पाने देणारा पोऱ्या उभा राहतो, बार्जीवर दोर धरणारा एक नवशिका खलाशी असतो. हे सारे उमेदवारच. परंतु त्यांचा तंटा ऐकणारे न्यायाधिकरण गोव्यात नव्हते. सालाझारच्या पोर्तुगालने १९३३ च्या राष्ट्रीय श्रमविषयक कायद्याने संप बेकायदा ठरविला होता. स्वतंत्र कामगार संघटना ही त्या राजवटीस राजकीय बंडासारखीच वाटे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे महालातील पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडणाऱ्या सत्तेकडून खाणकामगारांच्या संघटनेस मोकळीक मिळण्याची आशा कोणी करावी?

येथे दोन भावांचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. असे भाऊ गोमंतकातील पुष्कळ घरांत होते. थोरला पेडण्याहून मुंबईस जाऊन एका कारखान्यात लेथचे काम शिकतो आहे. धाकटा डिचोलीजवळच्या खाणीवर शेडमध्ये काम शिकतो आहे. दोघांचे हात सारखेच काळे. पण १९५० नंतरच्या दशकात थोरला भाऊ कायद्याच्या दृष्टीने कामगार होता. त्याच्या कारखान्यात निवाडा झाला, तर त्यात आपला वाटा मागण्याचा हक्क त्यास होता. धाकट्यास हक्क नव्हता. धन्याची मर्जी होती. दोघांमधील अंतर फक्त एका सरहद्दीचे होते.

१९ डिसेंबर १९६१ ला ती सरहद्द पुसली गेली. १९६२ च्या एका विनियमाने औद्योगिक तंट्यांचा कायदा गोवा, दमण व दीव या प्रदेशास लागू करण्यात आला, आणि इतर कामगार-कायदेही मागोमाग आले. आता धाकटा भाऊ थोरल्याच्या बरोबरीस येईल, असे वाटावे तोच थोरल्याची जागाच बदलली होती.

१९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा १ मार्च १९६२ पासून अमलात आला. हा कायदा वाईट हेतूने केलेला नव्हता. पंचवार्षिक योजनांचा तो काळ. पोलादाचे, यंत्रांचे, खतांचे कारखाने उभे राहत होते आणि कुशल हातांची टंचाई होती. कारखान्यांनी ठरावीक संख्येने उमेदवार घेतलेच पाहिजेत आणि त्यांना नेमलेल्या अभ्यासक्रमाप्रमाणे शिकविलेच पाहिजे, असे बंधन त्या कायद्याने घातले. लेखी करार करून त्याची नोंद करणे आवश्यक ठरविले. विद्यावेतन ठरवून दिले. ते नगावर द्यायचे नाही, उमेदवारास उत्पादनाच्या बोनसाच्या शर्यतीत ओढायचे नाही, अशी अट घातली. जादा काम घ्यायचे झाल्यास शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची मान्यता लागेल असे सांगितले. कारखान्यात उमेदवार असेल तर आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण यांविषयीची कारखाना-कायद्यातील प्रकरणे त्यास लागू राहतील, आणि खाणीत असेल तर १९५२ च्या खाण-कायद्यातील आरोग्य व सुरक्षिततेचे प्रकरण लागू राहील, असे चौदावे कलम म्हणते. कामावर अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी सोळाव्या कलमाने मालकावर टाकली. डिचोलीच्या खाणीवरील मुलाच्या दृष्टीने ही कलमे लहान नव्हती. कालपर्यंत त्याचा हात यंत्रात गेला असता, तर धन्याच्या दयेवाचून त्यास दुसरा आसरा नव्हता.

पण अठराव्या कलमाने हिशेब पुरा केला. ते कलम थोडक्यात असे सांगते की कराराखाली शिकणारा प्रत्येक उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, आणि कामगारांविषयीच्या कायद्यांच्या तरतुदी त्यास लागू नाहीत. बाविसावे कलम याच्या जोडीस आहे. करारात तशी अट नसेल तर शिक्षण संपल्यावर उमेदवारास नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. तंटा झालाच तर तो न्यायाधिकरणापुढे न जाता उमेदवारी सल्लागाराकडे जातो, आणि त्याच्या निर्णयावर तीस दिवसांत अपील करता येते. म्हणजे १९४७ साली कंसातल्या शब्दांनी जे दार उघडले होते, ते १९६१ साली करारपत्र हाती असलेल्या उमेदवारापुरते लावण्यात आले. धाकटा भाऊ उंबरठ्यावर आला आणि थोरल्याला घरातून ओसरीवर आणून बसविले होते. दोघांची भेट त्या ओसरीवर झाली.

या कलमाच्या बाजूने सांगण्यासारखे काहीच नाही असे नव्हे. उमेदवारास पूर्ण वेतन द्यावे लागले तर मालक उमेदवार घेणारच नाही, आणि मग खेड्यातील मुलास कारखान्याचे दार कधीच दिसणार नाही, हा युक्तिवाद पोकळ नाही. जो शिकतो तो काही काळ मालही बिघडवतो, यंत्रही थांबवतो आणि जाणत्या कारागिराचा वेळही घेतो. त्याचे मोल कोणी सोसावे? दुसऱ्या बाजूचा प्रश्न मात्र तितकाच सरळ आहे. पहिल्या सहा महिन्यांचे हे वर्णन तिसऱ्या वर्षास लागू पडते काय? तिसऱ्या वर्षाचा उमेदवार कामगाराशेजारी उभा राहून कामगाराएवढेच काम करीत असेल, तर त्याचे शिकणे कोणत्या दिवशी संपले, हे कोणी ठरवायचे? निवाड्याची पद्धत या प्रश्नास वर्षागणिक चढत्या हिश्शाने उत्तर देते. अठरावे कलम त्यास नावाने उत्तर देते.

गोमंतकात या व्यवस्थेस आणखी एक वळण पडले. खाणींच्या तंट्यांत कायद्याच्या भाषेतील ‘योग्य सरकार’ म्हणजे केंद्र सरकार. म्हणून डिचोलीतील खाणकामगाराचा तंटा दिल्लीच्या संदर्भाने मुंबई येथील केंद्रीय न्यायाधिकरणाकडे जाई. तुये किंवा डिचोली येथील औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचा तंटा गोवा सरकारच्या अधिकारात असून त्याची सुनावणी पणजीस होई. आणि उमेदवाराचा तंटा या दोन्ही वाटांनी न जाता सल्लागाराच्या कचेरीत जाई. एकाच गावातील तीन शेजाऱ्यांना एकाच प्रकारच्या अन्यायासाठी तीन दिशांना चालावे लागे. पेडणे आणि डिचोली येथे पुढे सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. फिटर, वायरमन, वेल्डर होऊन मुले बाहेर पडू लागली, आणि त्या प्रमाणपत्राच्या पुढची पायरी म्हणून उमेदवारीची वर्षे त्यांच्या वाट्यास आली.

दरम्यान एकेक कायदा उमेदवारास वगळीत गेला. १९६५ च्या बोनस-कायद्याने कर्मचाऱ्याच्या व्याख्येतून त्यास बाहेर ठेवले. १९७२ च्या उपदान-कायद्याने तेच केले. जमशेदपूरच्या टाटांच्या मोटार व इंजिन कारखान्यातील उमेदवारांना कर्मचारी राज्य विमा लागू होतो काय, हा वाद १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला, आणि ते त्या कायद्याच्या अर्थाने कर्मचारी नव्हेत असा निर्णय झाला. वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने थोडी फुंकर घातली: इतर गोष्टी समान असतील तर नोकरी देताना शिकून तयार झालेल्या उमेदवारास बाहेरच्या माणसापेक्षा पसंती द्यावी. पसंती, हक्क नव्हे. उमेदवाराच्या पदरात पुन्हा उमेदच पडली.

वगळण्याचा हा मार्ग मोकळा झाला तशी एक निराळीच जात जन्मास आली. तिचे नाव ‘ट्रेनी’. या मुलाशी १९६१ च्या कायद्याप्रमाणे नोंदलेला करार नसतो, त्याला नेमलेला अभ्यासक्रम नसतो, परीक्षा नसते. नेमणुकीच्या पत्रावर तेवढा प्रशिक्षणार्थी हा शब्द असतो. कधी पत्रही नसते. म्हणजे कायद्याने उमेदवारास जे दिले तेही त्यास नाही आणि कामगारास जे मिळते तेही नाही. नाशिक येथील त्र्यंबक रबर इंडस्ट्रीज आणि नाशिक वर्कर्स युनियन यांच्यातील तंट्यात २००३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला. कामावरची माणसे प्रशिक्षणार्थी आहेत, असे व्यवस्थापनाचे म्हणणे होते. कारखान्याचे उत्पादन मुख्यतः त्यांच्याच हातून होत होते आणि शिकविले जात असल्याचा विश्वसनीय पुरावा नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना कामगार ठरविले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. नाव काय दिले यापेक्षा काम काय घेतले हे पाहावे, हा या निर्णयाचा आशय. १९४७ च्या कंसातील शब्दांचा आत्मा जणू तेथे पुन्हा बोलला.

डिचोलीत हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिला नाही, कारण तेथे कामच दोनदा बंद पडले. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये गोवा सरकारने खाणकाम थांबविले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. काही वर्षांनी काम सुरू झाले. पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयाने ८८ खाणपट्टे रद्द झाले आणि १६ मार्चपासून यंत्रे पुन्हा थांबली. काम बंद होते तेव्हा कामगाराच्या हाती काय पडते, हे त्याच्या सेवेच्या वर्षांवर अवलंबून असते. औद्योगिक तंट्यांच्या कायद्यात कपातीच्या भरपाईसाठी एका वर्षाची अखंड सेवा आणि त्यापुढे वर्षागणिक पंधरा दिवसांचे सरासरी वेतन असा हिशेब होता. ज्याची आरंभीची वर्षे कराराखालील उमेदवारीची, त्याच्या त्या वर्षांना कामगाराची सेवा म्हणण्यास अठरावे कलम आडवे येते. तरुणपणी जे नाव क्षुल्लक वाटले, ते उतारवयात हिशेबाच्या वहीत उणे होऊन उभे राहते.

अलीकडच्या काळात या कायद्यात पुष्कळ फेरफार झाले. १९७३ मध्ये पदवीधर व पदविकाधारक अभियंते, १९८६ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमाचे विद्यार्थी त्याच्या कक्षेत आले. २०१४ च्या दुरुस्तीने धोक्याच्या उद्योगांसाठी किमान वय अठरा केले. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे दरमहा ५००० ते ९००० रुपये ठरविले, आणि तीस अथवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेस उमेदवार घेणे बंधनकारक केले. मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के ही त्याची मर्यादा. ऑस्ट्रेलियाच्या निवाड्यांतील संख्येची अट येथे आकड्यांच्या रूपाने आली असे म्हणता येईल. पण तिकडे ती निवाड्याच्या चौकटीत होती. इकडे चौकटीबाहेर आहे.

१९४७ च्या त्या शब्दांचाही शेवट झाला. २०१९ च्या वेतन संहितेने आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने १९६१ च्या कायद्याखालील उमेदवारास आपल्या व्याख्यांतून स्पष्टपणे वगळले. नव्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. ‘शिकाऊ उमेदवार धरून’ या जागी ‘शिकाऊ उमेदवार सोडून’ असे झाले. धरणे आणि सोडणे या दोन क्रियापदांत अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा इतिहास सामावला आहे.

तरीही एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. नव्या व्याख्येने सोडले आहे ते १९६१ च्या कायद्याप्रमाणे कराराने बांधलेल्या उमेदवारास. ज्याच्याशी असा करारच नाही, त्या नावापुरत्या ट्रेनीस तिने सोडलेले नाही. तो प्रत्यक्षात कोणते काम करतो, यावरच त्याची पारख व्हावी लागेल. म्हणून कागदाचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये पेडणे तालुक्यात मोपा येथे विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्या माळावर गुरे चरत तेथे आज विमाने उतरतात, आणि त्या परिसरात मुले नव्या तऱ्हेची कामे शिकू लागली आहेत. पूर्वी पेडण्याचा मुलगा उमेदवारीसाठी मुंबईस जाई. आता उमेदवारी त्याच्या दारी आली आहे. तिच्यासोबत करारपत्र आले आहे काय, त्याची नोंद झाली आहे काय, त्यात मुदत आणि शिकविण्याचा विषय लिहिला आहे काय, एवढे तीन प्रश्न त्या मुलाच्या आईबापांनी विचारले, तर या साऱ्या इतिहासाचे सार त्यांच्या हाती आले असे समजावे.

डिचोलीच्या जुन्या ओतकामात समई साच्यातून निघाली की कारागीर ती वाजवून पाही. नाद खरा निघाला तर धातू खरा. उमेदवारीच्या करारासही हीच कसोटी लावावी लागते. त्यात शिकविणे खरोखर असेल, तर कमी वेतनाची ती वर्षे पेरणीची वर्षे ठरतात. शिकविणे नसेल, तर त्या वर्षांना उमेदवारी म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. ती नुसती स्वस्त मजुरी होय, आणि तिचा निवाडा मजुरीच्या न्यायासनापुढेच व्हावयास हवा.